रानफळांचे अर्क आणि रक्तवाहिन्या : कॅप्सूल घ्यावी की करवंदं खावीत?

पायवाट (धागाकर्ती)

बाबांची (वय ६८) यंदा फेब्रुवारीत अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अॅटोरव्हास्टॅटिन आणि बीपीची एक गोळी चालू आहे. तब्येत छान. सकाळी चालून येतात आणि मग पेपरातल्या अग्रलेखाशी भांडतात.

आता प्रश्न. नात्यातले एक काका 'वाइल्ड बेरी एक्स्ट्रॅक्ट'च्या कॅप्सूल विकतात, साखळी पद्धतीने. बाटलीवर सहा फळांची चित्रं : ब्लूबेरी, बिलबेरी, क्रॅनबेरी, एल्डरबेरी, रास्पबेरी, स्ट्रॉबेरी. एका कॅप्सूलमध्ये ३०० मिलिग्रॅम अर्क, त्यात २५ टक्के अँथोसायनिन (फळांचा लाल-जांभळा रंग) असं लेबल सांगतं. रोज एक घ्यायची. किंमत विचारू नका. काका म्हणतात, "नसा आतून साफ होतात, सहा महिन्यांत गोळ्या सुटतील." सोबत इंग्रजी शोधनिबंधांच्या प्रिंटचा गठ्ठा देऊन गेलेत. आईचाही जीव त्या बाटलीत अडकलाय, कारण तिला मधुमेहामुळे डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि काकांच्या मते हे त्यावरही चालतं.

मी कॉमर्सवाली. पण गठ्ठा चाळला तर निबंध खोटे वाटले नाहीत, विद्यापीठांची नावं वगैरे आहेत. यात तथ्य किती? 'सगळं थोतांड' एवढंच म्हणून घरात कुणी ऐकणार नाही. समजावून सांगता येईल असं काहीतरी द्या.

हेकट

साखळी + काका + प्रिंटचा गठ्ठा. झालं की उत्तर!
बाकी चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

डॉ_साबूदाणा

पायवाट, आधी तातडीचं. स्टेंट बसवल्यावर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही जोडी मुदतीआधी मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि ती जिवावर बेतते. किती महिने चालू ठेवायची हे तुमचे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. काकांनी काय वाटेल ते विकावं, पण 'गोळ्या सुटतील' हे बाबांच्या कानावर पुन्हा जाऊ देऊ नका.

आता तथ्याचं. 'नसा साफ' हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे. रक्तवाहिनी म्हणजे मोरीचा पाइप नव्हे की वरून काही ओतलं आणि मळ वाहून गेला. चरबीचा थर बसतो तो भिंतीच्या आत, अस्तराच्या खाली. हे अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, फक्त एका पेशीएवढं जाड असतं, आणि बेरींचं जे काही नातं रक्तवाहिन्यांशी आहे ते याच अस्तराशी आहे.

१९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन दाखवलं की अस्तर शाबूत असेल तर अॅसिटिलकोलीन दिल्यावर धमनी सैलावते, आणि अस्तर खरवडून काढलं की सैलावत नाही. म्हणजे अस्तर काहीतरी सोडतंय. ते 'काहीतरी' निघालं नायट्रिक ऑक्साइड, काही सेकंदच टिकणारा एक साधा वायू. त्याबद्दल १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. मधुमेह, तंबाखू, बीपी, वय यांनी हे अस्तर थकतं. वायू कमी बनतो, आणि बनतो त्यातलाही बराचसा सुपरऑक्साइड नावाचा आडदांड रेणू खाऊन टाकतो.

अस्तर किती ताजंतवानं आहे हे मोजण्याची एक पद्धत आहे. हाताला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्तप्रवाह थांबवायचा, मग सोडायचा आणि दंडातली धमनी किती टक्क्यांनी रुंदावते ते सोनोग्राफीवर पाहायचं. ब्लूबेरीचे बरेचसे दावे या मोजमापावर उभे आहेत. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंगला १० निरोगी पुरुषांना रानटी ब्लूबेरीची भुकटी दिली तर तासा-दोन तासांत धमनी जास्त रुंदावू लागली, मधे परिणाम ओसरला आणि सहाव्या तासाला पुन्हा दिसला. मात्र एका मर्यादेनंतर मात्रा वाढवून फायदा वाढला नाही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१९ चा ब्रिटनमधला अभ्यास. पोट सुटलेले, साखर-बीपी काठावर असलेले ११५ लोक, सहा महिने. एका गटाला रोज १५० ग्रॅम ताज्या फळाइतकी भुकटी, दुसऱ्याला ७५ ग्रॅमइतकी, तिसऱ्याला तशाच रंगाची नुसती नक्कल. पहिल्या गटात ते मोजमाप १.४५ टक्क्यांनी सुधारलं. ७५ ग्रॅमवाल्यांत काही नाही. बीपी आणि इन्सुलिनचा प्रतिसाद कुणाचाच बदलला नाही. आणि हो, पैसा अमेरिकन ब्लूबेरी उत्पादकांच्या मंडळाचा होता. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण लक्षात ठेवावं.

थोडक्यात, रंग आहे, परिणामही आहे, पण तो बारीक आहे आणि मुख्यतः फळाचा किंवा अख्ख्या फळाच्या भुकटीचा आहे. स्टेंटवाल्या माणसाच्या गोळ्या त्याने सुटल्या असं दाखवणारा अभ्यास माझ्या वाचनात नाही, आणि असता तर आम्ही डॉक्टर लोकच पहिले लिहून देत असतो.

मावशी_माहीमच्या

डॉक्टर, छान समजावलंत. पण त्या नर्सबायांच्या अभ्यासात हार्ट अॅटॅक कमी झाले होते ना? पेपरात आलं होतं मागे.

डॉ_साबूदाणा

हो मावशी. २०१३ मध्ये 'सर्क्युलेशन' या संशोधनपत्रिकेत आला होता. अमेरिकेतल्या ९३,६०० परिचारिका, वय २५ ते ४२, पाठपुरावा १८ वर्षं. त्या काळात ४०५ जणींना हृदयविकाराचा झटका आला, आणि अँथोसायनिन सर्वांत जास्त खाणाऱ्यांत धोका सुमारे एक तृतीयांश कमी दिसला. पण यात कुणाला काही दिलेलं नव्हतं, कोण काय खातं ते फक्त विचारलं होतं. आठवड्याला तीन-तीनदा स्ट्रॉबेरी-ब्लूबेरी खाणारी बाई बहुधा बाकीचंही बरं खाते, व्यायाम करते, तिच्या हातात पैसाही असतो. संशोधक हे हिशेबात घेतात, तरी सगळं धुतलं जात नाही. शिवाय त्या तरुण होत्या. बाबा ६८ चे आहेत आणि त्यांचा आजार घडून गेलाय.

बाटलीतला_रसायनी

अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत पोट भरतो, म्हणून लेबलाबद्दल लिहितो.

३०० मिलिग्रॅमच्या २५ टक्के म्हणजे ७५ मिलिग्रॅम अँथोसायनिन. डॉक्टरांनी सांगितलेल्या २०१९ च्या अभ्यासात १५० ग्रॅमवाल्या गटाला रोज ३६४ मिलिग्रॅम मिळत होतं, ७५ ग्रॅमवाल्यांना १८२. आणि १८२ वाल्यांच्या धमन्यांत फरक पडला नाही! म्हणजे काकांची कॅप्सूल ज्या मात्रेने काही झालं नाही तिच्या निम्म्याहूनही कमी देते. काकांच्याच गठ्ठ्यात तो निबंध असेल तर त्यांनाच हा गुणाकार करायला सांगा.

आता 'बिलबेरी'. उत्तर युरोपातलं हे रानफळ, अँथोसायनिनच्या बाबतीत अव्वल. ब्लूबेरीचा गर पांढुरका असतो, रंग सालीतच. बिलबेरी आतपर्यंत जांभळी. १०० ग्रॅम ताज्या फळात ढोबळमानाने अर्धा ग्रॅम अँथोसायनिन धरा. बाजारातला प्रमाणित अर्क ३६ टक्क्यांचा असतो. म्हणजे काहीही वाया न जाता एक किलो अर्काला ७० किलोंहून जास्त फळ लागणार, प्रत्यक्षात आणखी. जंगलात हाताने वेचलेलं फळ. मग स्वस्त बिलबेरी अर्क कुठून येतो?

२००६ मध्ये एका संशोधनपत्रिकेत त्याचं एक उत्तर छापून आलं. बिलबेरीच्या नावाने विकलेल्या अर्कात अॅमरँथ हा लाल कृत्रिम रंग सापडला. तपासणीची जुनी रीत अशी की द्रावणातून एका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडायचा आणि किती शोषला ते पाहायचं. तो कृत्रिम रंगही तिथेच प्रकाश शोषतो, त्यामुळे कागदावर टक्के बरोबर. घटक वेगवेगळे करून पाहिले, म्हणजे क्रोमॅटोग्राफी केली, तेव्हा पितळ उघडं पडलं. हा रंग अमेरिकेत १९७६ पासून बंद आहे, आपल्याकडच्या परवानगी असलेल्या खाद्यरंगांतही नाही. तुमच्या बाटलीत तो आहे असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त 'प्रमाणित' या शिक्क्याला भुलू नये.

आणि बाटली फिरवून बघा. आपल्याकडे अशा पूरक पदार्थांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापणं बंधनकारक आहे. काका ज्या कामासाठी विकतायत त्या कामासाठी ती नाही, हे बाटलीच सांगते.

हेकट

रसायनी, _/\_ . गुणाकार आवडला.

कुंपणावरचा

मुद्दे पटले, पण एक शंका. गोळीत ७५ असलं तरी ते 'शुद्ध' असल्यामुळे जास्त अंगी लागत असेल तर?

बाटलीतला_रसायनी

रास्त शंका. पण अँथोसायनिन हा मुळात अंगी न लागण्याबद्दल बदनाम पदार्थ. खाल्ल्यावर त्याचा मूळ रेणू रक्तात अगदी नगण्य दिसतो. २०१३ मध्ये आठ पुरुषांना खुणेचा कार्बन बसवलेलं सायनिडिन-ग्लुकोसाइड हे एक अँथोसायनिन ५०० मिलिग्रॅम देऊन ते शरीरात कुठे कुठे जातं याचा माग काढला. सगळे तुकडे धरून सुमारे १२ टक्के शरीरात आलं. बहुतेक काम आतड्यातले जिवाणू करतात. ते या रंगाची मोडतोड करून लहान आम्लं बनवतात आणि ती रक्तात जातात. डॉक्टरांनी सांगितलेला तो 'सहाव्या तासाचा' परिणाम बहुधा या तुकड्यांचाच. मग फळातला चोथा, जिवाणू, सगळंच त्या खेळात येतं. शुद्ध केल्याने फायदा वाढेलच असं गृहीत धरायला जागा नाही.

सूक्ष्मदर्शी

(पेशीजीवशास्त्र, सध्या अमेरिकेत.) पायवाट, तुमच्या गठ्ठ्यातला सहा फळांवाला निबंध कोणता ते मी ओळखलं असं वाटतं. ओहायो स्टेट विद्यापीठातला, २००२ चा. फळंही हीच सहा, फक्त रास्पबेरीचा गर न घेता बिया घेतल्या होत्या. काम खरं आहे. पण त्यात काय केलं होतं ते बघा.

शरीर नवीन रक्तवाहिन्या उगवायला व्हीईजीएफ नावाचं प्रथिन वापरतं. जखम भरताना हे हवंच. पण कर्करोगाची गाठही हीच वाट वापरून स्वतःला रक्त पुरवून घेते. ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये हे मांडलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. मधुमेही डोळ्यातही तेच. पडद्याला प्राणवायू कमी पडतो, व्हीईजीएफ वाढतं, नाजूक नव्या वाहिन्या उगवतात आणि गळतात. तुमच्या आईच्या डोळ्यात देतात ती इंजेक्शनं बहुधा हेच प्रथिन पकडून निकामी करणारी असणार.

ओहायोच्या प्रयोगात बशीत वाढवलेल्या माणसाच्या त्वचेच्या पेशींवर हे अर्क टाकले तर त्या पेशींनी व्हीईजीएफ कमी सोडलं. इथून 'डोळ्यावर चालतं' ही उडी मारलेली आहे. बशीत अर्क थेट पेशीच्या अंगावर पडतो. गिळलेला अर्क पोट, यकृत आणि जिवाणूंच्या तावडीतून सुटून डोळ्याच्या पडद्यापर्यंत मूळ रूपात किती पोचणार, ते रसायनींनी वर सांगितलंच आहे. इंजेक्शन डोळ्याच्या आत देतात ते उगाच नाही. एकेक इंजेक्शन चुकलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि गेलेली सहसा परत येत नाही. आईंना हे स्पष्ट सांगा.

अजून एक गंमत काकांना विचारा. कॅप्सूलने नव्या वाहिन्या फुटणं थांबत असेल, तर बाबांच्या हृदयाचं काय? अरुंद झालेल्या धमनीला वळसा घालून नव्या वाटा फुटल्या तर हृदयाला त्या हव्याच असतात. एकच बाटली आईच्या डोळ्यात वाहिन्या थांबवणार आणि बाबांच्या हृदयात मोकळ्या करणार, तिला कोण माणूस कोणता हे कळतं कसं?

पायवाट

बाप रे. हा शेवटचा प्रश्न मी आज रात्री जेवताना विचारणार आहे.
एक राहिलंच : नुकसान तरी आहे का? आईचं म्हणणं 'फायदा नाही तर नाही, अपाय तर नाही'.

डॉ_साबूदाणा

फळाचा नाही. घट्ट अर्काबद्दल मी जपून असतो. बाबा रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांवर आहेत, आणि बिलबेरीच्या अर्काने बिंबाणूंचं (प्लेटलेट्सचं) चिकटणं कमी होतं असं प्रयोगशाळेत दिसलंय. प्रत्यक्षात रक्तस्राव होईलच असं नाही, पण त्यासाठी मी माझ्या रुग्णाला पणाला लावणार नाही. क्रॅनबेरी आणि वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबद्दल ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २००३ मध्येच सावध केलं होतं. बाबा वॉरफरिनवर नाहीत, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हृदयाची झडप बदललेलं कुणी असेल तर लक्षात असू द्या. दात काढणं, मोतिबिंदू, काहीही शस्त्रक्रिया असेल तर असे अर्क घेत असल्याचं डॉक्टरांना सांगा. लोक 'ते काय औषध नाही' म्हणून सांगतच नाहीत.

उत्तरध्रुव

स्वीडनहून. इथे बिलबेरी कुणीही जंगलात जाऊन वेचू शकतं, जमीन कुणाचीही असो. तो इथला जुना हक्क आहे. जुलै-ऑगस्टमध्ये शेजारीपाजारी दात्यांची पेटी घेऊन निघतात, झुडुपातून ओढली की फळं पेटीत आणि पानंही पेटीत. मग ती निवडत बसायचं. बोटं आणि दात आठवडाभर जांभळे. व्यापारी वेचणीला मात्र दरवर्षी थायलंडहून मजूर येतात, आणि त्यांच्या पिळवणुकीच्या बातम्याही तितक्याच नियमाने येतात.

बिलबेरीचं गरम सार इथे इतकं प्रिय की ९० किलोमीटरच्या स्कीइंग शर्यतीत वाटेत पेल्यातून देतात. सुकवलेली फळं जुलाबावर देण्याची जुनी पद्धत आहे. 'नसा साफ' असं मात्र इथल्या एकाही आजीच्या तोंडून ऐकलं नाही. ब्रिटिश वैमानिक दुसऱ्या महायुद्धात बिलबेरीचा जॅम खाऊन रात्री नेम धरायचे ही गोष्ट खूप फिरते. २००४ मध्ये रात्रीच्या दृष्टीबद्दलचे सगळे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा नीट आखलेल्या बहुतेक प्रयोगांत काही हाती लागलं नव्हतं.

आंबोलीकर

एवढ्या परदेशी बेऱ्या झाल्या, आमच्या करवंदाला कोण विचारणार? मे महिन्यात घाटात पानांच्या द्रोणात मिळतात ती. लहानपणी चावून बघायचो, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. जांभूळ आहे, रातांबा आहे, तुती आहे. आपल्या आजोबांच्या नसा काय स्वीडनने साफ केल्या?
माझं मत : आपल्या रानमेव्यात यांच्या दसपट गुण आहेत, फक्त मार्केटिंग नाही.

मावशी_माहीमच्या

+१ आंबोलीकर. कोंबडा-कोंबडी वाचून जीव सुखावला.

बाटलीतला_रसायनी

आंबोलीकर, कोंबड्याला माझं मत! लाल गर म्हणजे रंगद्रव्य गरापर्यंत पोचलेलं. बिलबेरी आणि ब्लूबेरीत फरक आहे तो असाच.

पण 'दसपट' कुठून आणलंत? जांभळात डेल्फिनिडिन, पेटुनिडिन, माल्विडिन आहेत. ब्लूबेरीतही हेच तीन मुख्य रंग आढळतात, फक्त साखर वेगळ्या तऱ्हेने जोडलेली. कोकमात सायनिडिन. म्हणजे घराणं तेच, हे ठामपणे सांगता येतं. दंडाला पट्टा बांधून, सहा महिने रोज वाटीभर जांभळं देऊन, नकली भुकटीच्या गटाशी ताडून पाहिलेला ब्रिटनच्या तोडीचा प्रयोग मात्र मला माहीत नाही. काकांना जो पुरावा मागतो तोच आपल्या करवंदालाही मागायला हवा. नाहीतर उद्या कुणीतरी 'सह्याद्री नसामृत' काढेल.

हेकट

'सह्याद्री नसामृत' हे नाव मी नोंदवून ठेवतोय. काका, संपर्क साधा.

आंबोलीकर

मान्य, दसपट मागे घेतो. पण खाण्याला तर पुरावा लागत नाही ना? इथल्या बायका डोंगरातून करवंदं आणून रस्त्यावर बसतात, त्यांच्याकडून घ्या एवढंच म्हणतो. आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाला सांगा कुणीतरी, करवंद-जांभळाच्या जाती काढल्यात त्यांनी, आता पट्टा बांधायलाही घ्या म्हणावं.

डॉ_साबूदाणा

खाण्याला पुरावा नको, हंगाम हवा. :)
रोज १५० ग्रॅम आयात ब्लूबेरी म्हणजे मुंबईत महिन्याला मध्यम पगारदाराचा घाम निघेल. एवढा अट्टहास नको. हंगामात जांभळं, करवंदं, तुती, हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, एरवी काळी द्राक्षं, लाल कोबी, जांभळी वांगी सालासकट. मधुमेह असेल तर फळाची वाटी साखरेच्या हिशेबात धरा. करवंदाचं सरबत आणि जांभळाचा जॅम यांना मी फळ मानत नाही.

कुंपणावरचा

अवांतर : मग कोकम सरबत आणि सोलकढी बीपीवाल्याने किती प्यावी? आमच्याकडे आगळाच्या बाटल्या येतात कोकणातून. रंग तर तोच ना?

बाटलीतला_रसायनी

रंग तोच, पण आगळ टिकतो तो मिठावर. भरपूर मीठ असतं. बीपीवाल्याने रंगाच्या आशेने रोज आगळ प्यायला तर रंगापेक्षा मीठच जास्त पोटात जायचं. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. आमसुलंही बरेचदा मीठ लावून सुकवतात, पण बिनमिठाची मागितली तर मिळतात. चार-पाच कोमट पाण्यात तासभर भिजत घाला, कुस्करून गाळा, हवं तर जिरेपूड. वर चिमूटभर सोडा टाकून बघा, लाल पाणी निळसर-हिरवट होतं, पोरांना दाखवायला बरं. सोडा टाकलेलं ते पाणी मात्र पिऊ नका, त्यातही सोडियमच आहे.

आंबोलीकर

बिनमिठाची आमसुलं आहेत माझ्याकडे या वर्षीची. कुंपणावरचे, विपू करा, म्हणजे मला निरोप टाका.